तिच्या नावावर सांगितलेलं दुखणं

माझ्या मणक्याला सूज आहे. ती पूर्ण जाणार नाही, काही दिवस बरे जातील, काही वाईट, आणि कोणता दिवस कसा ते आधी कळणार नाही, असं डॉक्टरांनी २०१४ मध्येच सांगितलं होतं. दुखण्याची सवय झाली. न कळण्याची होईना.

बोर्डीच्या शाळेत मी कारकून. तिथे टेबलाच्या आधाराने दिवस निघायचा. पण कुणी बारशाला, पूजेला बोलावलं की मी उत्साहाने हो म्हणायचो आणि त्या दिवशी सकाळी वाकता आलं नाही की फोन करायचो, "हिला जरा बरं नाही, कंबर धरलीय."

ही म्हणजे बायको. धडधाकट, नारळाची झापं एकटी ओढून आणणारी. पुरुषाने कंबर धरून बसलोय असं सांगायची मला लाज वाटे. उधव्याला तिच्या माहेरी तर दोन वर्षांत सहा-सात वेळा तरी मी हेच कळवलं. तिला पत्ता नव्हता. तिच्या आईने तब्येत विचारली की ती "मस्त" म्हणायची, आणि तिकडच्यांना वाटायचं, पोर लपवते आहे.

मग तिच्या भावाच्या मुलीचं लग्न आलं. त्या दिवशी पाठ बरी होती. तलासरीहून रिक्षाने आम्ही वेळेत पोहोचलो. मांडवात उखळ मांडलं होतं. नवरीची हळद पाच सवाष्णींनी कुटायची, आणि पहिलं मुसळ आत्याचं. एकुलती एक आत्या म्हणजे ही. तिने पदर खोचला, मुसळ उचललं, तेवढ्यात तिच्या वहिनीने ते धरलं.

"ताई, तुम्ही खुर्चीवर बसा. मावशी कुटतील."

"का? मी म्हातारी झाले?"

"तुमची कंबर..."

"माझ्या कंबरेला काय धाड भरलीय?"

"आता लपवू नका. भावोजींचे किती फोन आले!"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. मला वाटलं, आता बोलेल. तिने मुसळ सोडलं. "हो, दुखते मधूनमधून," असं म्हणून ती खरंच खुर्चीकडे निघाली.

ते मला बघवलं नाही.

"दुखणं माझं आहे," मी म्हणालो. आवाज नको इतका मोठा निघाला. "हिला काहीच झालेलं नाही. मी खोटं सांगत होतो."

सासूबाई म्हणाल्या, "अरे देवा! मी हिच्यासाठी देवीला नारळ बोलले. आता तो कुणाच्या नावाने फोडू?"

"जावयाच्या," वहिनी म्हणाली. "आणि खुर्चीपण त्यांनाच द्या."

हशा पिकला. मी खुर्चीवर बसलो. हिने पहिला घाव घातला तो असा, की अख्खं हळकुंड उडून बाहेर पडलं. तो राग माझ्यावरचा होता. तिचा हक्क होता तो.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "आता माझं खरंच काही दुखलं तर कोण विश्वास ठेवणार?"

लग्नानंतरच्या पूजेचं आमंत्रण आलं तेव्हा मी म्हणालो, "यायचं आहे, पण सकाळी कळवतो." सकाळी पाठ धरली. मी फोन केला, "माझी पाठ धरलीय. ही येतेय."

ती एकटी गेली. मी दिवसभर खिडकीपाशी निवांत पडून होतो. संध्याकाळी शिऱ्याचा डबा घेऊन ती आली ती कुरकुरतच: तिथे तिची विचारपूस कुणी केली नाही, सगळे माझ्या पाठीचंच विचारत होते.