रिकामी ताटं

हेडबाईंचा दरारा असा, की त्यांच्या वॉर्डात माशीसुद्धा विचारून बसत असावी. तीस वर्षं रुग्णसेवेत गेली होती, आणि त्यांच्या तोंडाला लागायची डॉक्टरांचीही टाप नव्हती.

कोरोनाच्या दिवसांत त्यांच्याकडे आठ खाटांची एक खोली होती. आठही जण कोरोनाचे, आठही जण मधुमेहाचे. फुप्फुसांसाठी स्टेरॉइड द्यायचं, त्यानं साखर भडकायची, म्हणून जेवणाआधी इन्सुलिन टोचायचं. आता इन्सुलिन घेऊन माणूस उपाशी राहिला, तर साखर धाडकन खाली येऊन जिवावर बेततं. म्हणून बाईंचा नियम एकच होता, ताट चाटूनपुसून रिकामं हवं. ज्याच्या ताटात घास उरला, त्याची धडगत नसे. प्रत्येकाच्या उशाशी बसायला वेळ कुठला? त्या प्लास्टिकच्या झग्यात घामाघूम होऊन बाई नुसती ताटं बघत पुढे जायच्या.

तीन दिवस मात्र पाचव्या खाटेनं त्यांचं डोकं उठवलं होतं. तिथल्या पहिलवानाची साखर, इन्सुलिन कितीही वाढवा, खाली म्हणून यायला तयार नाही. त्या दुपारी तर चारशे ऐंशी. बाई साखर मोजायच्या यंत्राकडे बघत चरफडत असतानाच चौथ्या खाटेवरच्या ड्रायव्हरकाकांचा हात खाली लोंबकळलेला त्यांना दिसला. अंग घामानं थबथबलेलं, हाक मारली तर ओ नाही. बाईंनी बोट टोचलं. यंत्रावर आकडा आला, अडतीस.

ताट तर स्वच्छ होतं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. सलाइनच्या सुईतून त्यांनी ग्लुकोज सोडलं आणि श्वास रोखून बघत राहिल्या. काही मिनिटांनी काकांनी डोळे उघडले.

"काका, जेवला होतात ना?"

"चवच नाही हो, बाई. माती चघळल्यासारखं लागतं. दोन दिवस चार घास ढकलले, आज तेही जाईनात."

"मग ताट?"

काकांनी शेजारी बघितलं. पहिलवानानं हळूच चादर तोंडावर ओढली. स्टेरॉइडनं त्याच्या पोटात सतत आग पडलेली, त्याला आयतंच दुसरं ताट मिळालं होतं.

"अहो, मला सांगायचं तरी."

"तुम्ही ओरडता," काका म्हणाले.

सत्तरीचा माणूस. जन्मभर बस चालवलेला. मेला असता, पण बाईंना सांगायला धजावला नव्हता. ओरडून ओरडून आपण या माणसाला मारतच होतो की, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. तोंडातून शब्द फुटला तो इतका हळू की खोलीतल्यांना तो बाईंचा आवाज वाटलाच नाही.

"मी कुणाला रागावणार नाही. आज आणखी कोण जेवलं नाही?"

खिडकीजवळच्या आजींनी उशीखाली लपवलेलं पोळीचं पुडकं काढून हात वर केला. त्यांच्यामागून आणखी एक, मग दाराजवळचे दोघं.

इन्सुलिन सगळ्यांना बाईंनीच टोचलं होतं. यंत्र उचलून त्या आजींच्या खाटेकडे धावल्या.