डाव्या सीटवरून ऐकलेला घाट

कल्याणहून निघालो तेव्हाच इंजिनातून टक्‌ टक्‌ आवाज येत होता. मला तो गणपतीपासून ऐकू येत होता, पण मी बोलले नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी ह्यांना स्कूटरबद्दल काहीतरी सुचवलं होतं, तेव्हा "गाडीतलं तुला काय कळतं?" असं उत्तर मिळालं होतं. पुढे स्कूटर गेली, ही छोटी लाल गाडी आली, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि गाडीतलं मला काही कळत नाही ही घरात मान्य झालेली गोष्ट होऊन बसली. मी डाव्या सीटवर बसायचं, पाण्याची बाटली पुढे करायची आणि उतारावर मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचं, एवढंच माझं काम.

ही सफर ह्यांच्या हट्टाची. ह्यांची पहिली नोकरी मोखाड्याच्या पंचायत समितीत होती. तिथली हवा, तिथला बाजार, तिथली माणसं हे आमच्या जेवणाच्या टेबलावर रोजच्या लोणच्यासारखं असतं. ते एकदा परत पाहायचं होतं. मुलाचं म्हणणं वेगळंच. "बाबा, गाडी म्हातारी झाली आणि तुम्हीही. गाडी काढून टाका, आता चालवणं पुरे." फोनवर चांगलीच खडाजंगी झाली. शेवटी ठरलं की गाडी जव्हार-मोखाडा नीट करून आली तर राहील, वाटेत दगा दिला तर विकायची. म्हणजे सहल कसली, परीक्षाच होती ती. आणि खरं सांगते, मला मुलाचंच पटत होतं.

वाडा गेलं, विक्रमगड गेलं. दिवाळी नुकतीच सरली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापून झालेलं किंवा कापायला आलेलं, आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीत खुरासणी (काळं, बारीक तेलबी) पिवळीधमक फुललेली. घाट सुरू झाला तशी हवा पातळ आणि गार लागायला लागली. मागून एक जीप सारखा हॉर्न वाजवत होती. हे ढिम्म. बाजू दिलीच नाही. शेवटी जीपवाला वळणावर कसाबसा पुढे घुसला आणि आमच्याकडे असं पाहून गेला की मीच मान खाली घातली. सत्तरीला आलं तरी माणसाचा हट्ट काही जात नाही, असं मनात म्हटलं.

साखरशेतच्या अलीकडे समोरचा तेलाचा लाल दिवा लागला. तो मात्र ह्यांनी लगेच पाहिला आणि गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडून तेलाची पट्टी काढली तर ती जवळजवळ कोरडी.

"महिन्यापूर्वीच तेल भरलं होतं," हे पुन्हा पुन्हा म्हणत होते. ऊन चढत होतं आणि रस्त्याला लागूनच्या खळ्यात एक बाई भात झोडत होती. तिने हातातली पेंढी खाली ठेवली आणि आली.

"उन्हात कां उभं? मांडवात बसा. गाडी थंड होल तोवर."

तिचं नाव जानकीबाई. तिने पाणी दिलं, मग कोरा चहा, मग नको नको म्हणताना नागलीची (नाचणीची) भाकर आणि खुरासणीची चटणी. चटणी काळीकुट्ट, दिसायला काही खास नाही, पण खमंग अशी की मी निर्लज्जपणे दुसरी भाकर मागून घेतली. मी पिशवीतला दिवाळीच्या चिवड्याचा स्टीलचा डबा तिला दिला. ती आधी नको म्हणाली, मग डब्याकडे पाहून म्हणाली, "डबा माझ्याकडं राहील. परत जाशाल तेव्हा न्या."

"गाडीच गेली तर कसलं परत येतोय," मी म्हटलं.

"येशाल की. डबा हाय ना इथं."

तिच्या दिराचा भाताची पोती वाहणारा पिकअप होता. त्याने आमच्या गाडीला दोर बांधला आणि अशा रीतीने आम्ही जव्हारमध्ये, एकेकाळच्या संस्थानच्या राजधानीत, दोराला बांधून प्रवेश केला. हे स्टिअरिंग धरून ताठ बसले होते. एसटी डेपोच्या पुढे गेल्यावर दोर सुटला तो एका गॅरेजसमोर.

गॅरेजवाला मधू, चाळिशीचा, बोलका. भिवंडीला बरीच वर्षं काम करून परत आलेला, त्यामुळे त्याच्या बोलण्यात मध्येच हिंदी डोकवायची. त्याने तेल भरलं, गाडी सुरू केली आणि हातभर लांब पेचकस घेतला. पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर छाती तपासतो तसंच. दोन-तीन जागी ऐकून त्याने मान हलवली.

"बेअरिंग गेलं, काका. रिंगा झिजल्या, म्हणून इंजिन तेल पितंय. तेल संपलं आणि बेअरिंग घासलं. पण हा आवाज आजचा नाय. दोन-अडीच महिने तरी येत असणार. तुम्ही चालवत कसे राहिलात?"

"आवाज नव्हताच," हे म्हणाले.

"नव्हता? आत्ता येतोय तो काय मग?"

हे इंजिनाजवळ वाकले. मी शेजारीच उभी होते. टक्‌ टक्‌ टक्‌, दारावर कोणी काठी मारावी इतका स्पष्ट. ह्यांनी मधूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मधूने पेचकस त्यांच्या हातात दिला आणि मूठ कानामागे लावायला दाखवली.

हे ऐकत राहिले. मी त्यांचा चेहरा पाहत होते. आधी कपाळाला आठी पडली, मग ती गेली, आणि चेहरा अगदी उघडा पडला. पेचकस काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"हा केव्हापासून येतोय?" त्यांनी विचारलं. मधूला नाही, मला.

"गणपतीपासून," मी म्हटलं.

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसली. टीव्हीचा वाढत गेलेला आवाज. दाराची बेल वाजली तरी न उठणं. घाटातला जीपचा हॉर्न. ज्याला मी हट्ट म्हणत होते, तो हट्ट नव्हताच. मला भर रस्त्यात रडू यायला लागलं, ते मी घाटावरचा वारा डोळ्यांत गेल्यासारखं पुसून घेतलं.

मधूने दोन वाटा सांगितल्या. एक, इंजिन उतरवायचं, सिलिंडर आतून घासून बोअर करायचे, रिंगा-पिस्टन-बेअरिंग नवं टाकायचं. त्यात क्रँक (इंजिनाचा कणा) नाशिकला लेथवर पाठवावा लागणार, आणि त्याला चीर निघाली तर सगळी मेहनत फुकट. दुसरी वाट म्हणजे अपघातात सापडलेल्या गाडीचं इंजिन आणून बसवायचं. "चेंज मारून टाकू, बात खतम. आरटीओत इंजिनाचा नंबर तेवढा बदलून घ्या." त्याचा कल उघडच दुसऱ्या वाटेकडे होता. मुलाने फोनवर तिसरी वाट सांगितली, ती आम्हाला पाठ होती. भंगारात द्या आणि एसटीने या.

निर्णय उद्या सांगतो म्हणून आम्ही लॉजवर गेलो. संध्याकाळी दरीच्या काठावर जाऊन बसलो. सूर्य डोंगरांच्या रांगांमागे उतरत होता, लोक फोटो काढत होते.

दुसऱ्या दिवशी जीपने मोखाड्याला गेलो. गाडी नसली म्हणून काय, मोखाडा थोडाच पळून गेला होता? मागच्या बाकावर आम्ही दोघं, पलीकडे सुक्या मासळीची पाटी घेतलेली एक बाई आणि मांडीवर कोंबडी धरलेले एक आजोबा. सगळी जीप एकमेकांशी बोलत होती. आजोबांनी ह्यांना दोनदा काहीतरी विचारलं. हे नुसते हसले. पिशवी मांडीवर घेऊन, गुडघे जवळ ओढून, अंग चोरून बसलेले. ज्या माणसाने मला आजवर हवं तिथे नेलं, तो असा एखाद्या सामानासारखा बसलेला पाहून मला फार वाईट वाटलं.

मोखाड्यात आठवड्याचा बाजार भरला होता. वाल, वरई, मिरच्या, प्लास्टिकच्या बादल्या, स्वेटर. पंचायत समितीची जुनी कौलारू खोली कुठेच दिसेना. चहावाल्याने विचारलं, "कोन पाहिजे, साहेब?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कोणी नाही. हे इथे नोकरीला होते."

"असं? मग बसा की. चहा आमचा."

बाकावर बसल्यावर हे बोलले. एरवी माणसांनी भरलेल्या ठिकाणी एवढं मनातलं ते कधी बोलत नाहीत.

"आधी वाटायचं, लोकच हळू बोलायला लागलेत. मग कळलं. पण बोललो असतो तर तुम्ही लोकांनी किल्ली काढून घेतली असती."

घेतलीच असती.

"इंजिन मीच मारलं," ते म्हणाले. "विकून टाकू. मुलाला फोन कर, त्याचं खरं झालं म्हणावं."

कालपर्यंत मला हेच हवं होतं. आणि आता माणूस स्वतःच किल्ली पुढे करत होता, तर माझा हात पुढे होईना. मी म्हटलं, "चहा प्या. गार होतोय." वाल आणि मिरच्या घेतल्या आणि परतीची जीप धरली.

जव्हारला आल्यावर मी सरळ गॅरेजमध्ये गेले. हे मागून येत होते. मधूने खालचं तेलाचं भांडं उतरवून ठेवलं होतं.

"मग, काकू? चेंज?"

"नाही. हेच दुरुस्त करायचं."

"काकू, नाकापेक्षा मोती जड होईल. आणि क्रँकला चीर निघाली तर?"

"निघाली तर भंगारात देऊ. दुसरं इंजिन नको. कोणा परक्या गाडीचं इंजिन आणशील, त्याचा कुठला आवाज बरा आणि कुठला वाईट, मला काय ठाऊक? हिचा आवाज मला पाठ आहे. चढाला कशी कण्हते, थंडीत कशी खोकते, सगळं. ह्यांना ऐकू येत नाही, पण मला येतं ना."

मधू पेचकस हातात धरून आधी माझ्याकडे आणि मग ह्यांच्याकडे पाहत राहिला. मी ह्यांच्याकडे वळून, ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "पण माझी अट आहे. आधी कानाचा डॉक्टर. तो हो म्हणेल तरच स्टिअरिंग. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं. गाडीतलं मला काय कळतं, हे विचारायचं नाही."

हे म्हणाले, "बरं." एवढंच. पण हे इतक्या पटकन बरं म्हणतील असं मला वाटलं नव्हतं.

क्रँक नाशिकला गेला. आम्ही एसटीने कल्याणला आलो. मुलगा फोनवर चिडला, मग त्याला कानांचं सांगितलं तेव्हा गाडीचं सोडून डॉक्टरांचंच विचारत बसला. डॉक्टरांनी यंत्र दिलं आणि सवय होईपर्यंत घाई करू नका म्हणाले. पहिल्या दिवशी हे म्हणाले, "पंखा एवढा वाजतो?" मला हसू आलं आणि मी पंखा कमी केला. पुढे डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं. मधूचा फोन आला तेव्हा मी देवापुढे निरांजन लावत होते. क्रँकला बारीक रेघा होत्या, पण चीर नव्हती.

गाडी आणायला गेलो तेव्हा जव्हारच्या हवेला चांगलीच धार आली होती. मधूने सुरुवातीला दमाने चालवायला सांगितलं आणि ह्यांना न विचारता मलाच म्हणाला, "ऐका काकू, बरं आहे ना?" मी बॉनेटपाशी उभी राहून ऐकलं. बरं होतं.

साखरशेतला थांबलो. खळं आता रिकामं होतं, पेंढा रचून झाला होता. जानकीबाईने डबा आणून दिला तो नव्या तांदळाने गच्च भरलेला. आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तिला मी शिकवायचं कारणच नव्हतं.

घाट उतरायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर मला आवाज आला. खळ्‌ खळ्‌.

"थांबा," मी म्हटलं. "आवाज येतोय."

ह्यांनी एक शब्द न काढता गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मी मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर तांदळाच्या डब्याचं झाकण सैल झालं होतं आणि दाणे सीटच्या फटीत घरंगळत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता बोलणी खायची म्हणून मी तयारच होते.

हे हसले. पाठीमागे वाकून त्यांनी झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "दुसरा काही नाही ना? नीट ऐक."

मुलाच्या परीक्षेत तसे आम्ही नापासच झालो. गाडीने वाटेत दगा दिला, आणि दोराला बांधून गावात शिरायची वेळ आली. तरी गाडी आहे. ह्यांना आता पुष्कळ ऐकू येतं, हॉर्न तर येतोच. पण अजूनही किल्ली फिरवली की हे गिअर टाकत नाहीत. हात गिअरवर ठेवून माझ्याकडे बघत बसतात. मी थोडा वेळ ऐकते आणि म्हणते, "चला."