दाव्याऐवजी साखळी

ओल्या दाव्याचा वास आला की वहिनी आठवतात. पंचगंगेच्या पुरात आमच्या दोन म्हशी सोडायच्या राहिल्या आणि बांधलेल्या जागीच बुडाल्या. तेव्हापासून आभाळ भरलं की वहिनी गोठ्यात जाऊन नव्या म्हशीचं दावं सोडायच्या. आम्ही बांधलं की परत सोडायच्या. "नाटकं हाईत नुसती," आई म्हणायची. घरातला पहिला पदवीधर मी, म्हणून सगळ्यांनी मलाच विचारलं. "खोड हाय, मोडली की जाईल," असं सांगून मी म्हशीला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून तिथंच चहा पीत बसलो. वहिनी नखं तुटेपर्यंत साखळी ओढत होत्या. "भावजी, किल्ली द्या की, पाणी यील," एवढंच म्हणत होत्या. आई हसली, मीही हसलो. शेवटी दादानं त्यांना कोल्हापुरात डॉक्टरांकडं नेलं, मीही सोबत गेलतो. पुराचा धक्का मनात बसलाय, हा आजार आहे, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी म्हशी सोडायचं काम कुणाकडं होतं?" वहिनी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माझ्याकडं." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. ते काम माझ्याकडं होतं. वहिनींच्या गोळ्या अजून चालू आहेत, आणि मी अजून कुणाला काही बोललेलो नाही.