शेऱ्याच्या रकान्यातली रुक्मिणीबाई

रुक्मिणीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या आमच्या ऑफिसच्या दारात ॲल्युमिनियमची पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि शिपायाला ठणकावून सांगत होत्या, "पेटी देईन, पन साहेबाच्या हातात. अन् काऊन घेता, थे इचारून."

गेल्याच वर्षीची, १९८८ सालची गोष्ट. बुलढाण्याच्या एका ऑफिसात मी नुकतीच लागले होते. ऑफिसचं नाव सांगत नाही. तसं ऑफिस प्रत्येकानं कुठे ना कुठे पाहिलेलंच आहे. आमच्या घरात पगारी नोकरी करणारी मी पहिली, आणि त्या ऑफिसात संगणकाचं शिक्षण घेतलेली मी एकटी. संगणक त्याच वर्षी आला होता. त्याच्या खोलीत चप्पल काढून जावं लागे, देवघरात जावं तसं.

जिल्ह्यातल्या प्रशिक्षित दायांची जुनी रजिस्टरं आम्ही त्यात भरली. दोन हजार आठशे बाया. मग हुकूम निघाला: संगणकाच्या यादीत जिचं नाव, तीच दाई. बाकीच्यांनी बाळंतपणाच्या सामानाची सरकारी पेटी जमा करावी आणि बाळंतपणं करू नयेत. नाव शोधायचा प्रोग्राम माझा होता. नाव टाकलं की दोन सेकंदांत उत्तर. साहेबांनी पेढे वाटले होते.

"सांगा बाई, नाव," हेडक्लार्क माणिकराव म्हणाले.

"रुक्मिनी भगवानराव. उंद्री, तालुका चिखली."

मी नाव टाकलं. पडद्यावर आलं: नोंद नाही. तीनदा टाकलं, तीनदा तेच.

"बघा, नाहीच," माणिकराव म्हणाले. "प्रशिक्षण न घेता पेटी कुठून मिळवली?"

"कुठून म्हंजे? याच हापिसातून! सदुसष्ट साली. सहा हप्ते घरदार सोडून मी इथं येऊन राह्यली."

"कॉम्प्युटर खोटं बोलतो का?"

"थो खोटं बोलते का नाई, मले मालूम नाई. पन माह्या हातावर चारशे एकोनीस लेकरं झाली. तुमच्या या डब्ब्यानं किती बायंतपनं केली, सांगा ना बापा!"

शिपाई हसला. माणिकराव हसले नाहीत. ते म्हणाले, "पेटी ठेवा आणि उंद्रीची गाडी पकडा."

त्या गेल्या नाहीत. बाकावर बसून राहिल्या. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, "पोरी, केसरबाईच्या सुनेचे दिवस भरले. पह्यलटकरीन हाय. तिच्या सासूले काय सांगू? हापिसानं मले खोटी ठरवलं म्हनून?"

मला तेव्हा लाजच वाटली. राग नंतर आला, त्यांची हकिकत ऐकताना.

त्यांचं माहेर लोणार तालुक्यातलं बीबी. वडील निवृत्ती शेतकरी. लोक हसत होते तरी त्यांनी मुलीला सातवीपर्यंत शिकवलं. वर्गात तेवीस पोरं आणि ही एकटी. लग्न होऊन उंद्रीला आल्या. दोन वर्षांनी त्यांची नणंद अडली आणि चिखलीच्या रस्त्यावर बैलगाडीतच गेली, पोटातल्या लेकरासकट. तेव्हापासून त्या गावातल्या म्हाताऱ्या तानुबाईच्या मागे मागे बाळंतिणीच्या खोलीत जाऊ लागल्या. शेतकऱ्याची सून दाईचं काम करते म्हणून भावकीत वर्षभर कोणी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. नवरा मात्र म्हणाला, "जा तू." पुढे सरकारी प्रशिक्षण निघालं, तेव्हा उंद्रीहून पहिलं नाव यांनी दिलं.

"तिथं बाबूनं इचारलं, शिकलेलं कोन हाय? मी एकटीनं हात वर केला," त्या म्हणाल्या. "बाकीच्या बायाइनं नाव सांगतलं अन् आंगठा देल्ला. मी शायेचा दाखला देल्ला. मले वाटलं, मोठं काम केलं."

"दाखल्यावर नाव काय होतं, मावशी?"

"गोजर. लग्नाच्या आंधीचं नाव. लग्नात ताटात तांदूय पसरले, नवऱ्यानं आंगठीनं रुक्मिनी लिवलं. त्या दिसापासून गोजर म्हनून मले कोनी हाक नाई मारली. माहेरीबी नाई."

मी उठून संगणकापाशी गेले. 'गोजर' टाकून पाहिलं. अकरा निघाल्या, त्यांत एक गोजर निवृत्ती; पण प्रोग्राम नुसती नावं दाखवी. तीच ही रुक्मिणीबाई, हे माणिकरावांना पटेल असं त्यात काही नव्हतं. उंद्रीशी जोड दाखवणारी खूण हवी होती, आणि ती कोणत्या रकान्यात असेल हे ठाऊक नव्हतं.

माझा प्रोग्राम फक्त नावाचा रकाना पाही. बाकीचे पाच रकाने आम्ही तीन महिने खपून भरले होते, आणि शोधताना ते नसल्यासारखेच होते. मी पेढे खाल्ले होते ते या प्रोग्रामचे! आधी मी प्रत्येक बाईचा प्रत्येक रकाना एकेक करून तपासायला लावला. अकराव्या मिनिटाला वीज गेली.

वीज येईपर्यंत विचार केला. फाइल म्हणजे शेवटी एकापुढे एक चिकटलेल्या, सारख्या लांबीच्या ओळी. रकाने आपल्या सोयीसाठी. ते विसरून अख्खी फाइल एका लांब दोऱ्यासारखी वाचत जायची, हवा तो शब्द कुठेही सापडला की तिथपर्यंतची अक्षरं मोजायची आणि ओळीच्या लांबीनं भागायचं. कितवी बाई ते कळतं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता लिहून काढलं. 'उंद्री' हा एकच शब्द टाकला. बावीस सेकंद लागले.

सात ओळी आल्या. सहा जणींचं गाव उंद्री. सातवीचं गाव बीबी, नाव गोजर निवृत्ती, साल सदुसष्ट. आणि शेऱ्याच्या रकान्यात: सासरचे नाव रुक्मिणी भ्रतार भगवानराव, मु. उंद्री.

एकवीस वर्षांपूर्वी कोण्या बाबूनं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. आमच्याच माणसानं आमच्याच यंत्रात ते भरलं होतं. आणि आम्ही या बाईला खोटी म्हणत होतो.

माणिकरावांनी कागद वाचला. "हे गोजरचं झालं. गोजर आणि रुक्मिणी एकच, याचं प्रतिज्ञापत्र आणा."

"माणिकराव, शेरा आपल्याच ऑफिसचा आहे," मी म्हणाले.

"शेरा म्हणजे पुरावा नव्हे, मॅडम."

"मग भरून कशाला घेतला?" माझा आवाज चढला होता. टायपिस्ट थांबले.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. रुक्मिणीबाई उभ्या राहिल्या. "साहेब, तुमच्या बायकोचं माहेरचं नाव काय हाय?"

साहेब गोंधळले. "सुशीला."

"अन् आता?"

"शरयू."

"मंग थ्या दोघी हायेत का तुमच्या घरी?"

साहेबांनी उभ्याउभ्याच सही केली. रुक्मिणीबाई तीनच्या गाडीनं गेल्या. केसरबाईच्या सुनेला दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, हे मला नंतर कळलं.

मी इथं थांबायला हवं होतं, असं माणिकराव अजून म्हणतात. मी त्याच संध्याकाळी 'सासरचे' हा शब्द टाकला. रुक्मिणीबाई सोडून त्रेपन्न बाया निघाल्या. त्रेपन्नही शाळेत गेलेल्या, दाखला दाखवलेल्या. अंगठा देणाऱ्यांपैकी यात एकही नव्हती. शिकली म्हणून यादीतून गेली, असं एखाद्या बाईला तोंडानं सांगून बघा!

"त्यांनी अर्ज करावेत," माणिकराव म्हणाले.

"त्यांच्या पेट्या काढून घेताना आपण अर्ज केला होता?" मी विचारलं.

पत्रं गेली. बावन्न जणी परत कामाला लागल्या. संग्रामपूरकडच्या सत्यभामाबाईंचं उत्तर आलं, स्वच्छ अक्षरात: मला आता गावात कोणी बोलावत नाही, तरी तसदी घेऊ नये.

रुक्मिणीबाई पुढच्या महिन्यात कामानिमित्त आल्या, तेव्हा मी त्यांना ते पत्र दाखवलं. त्यांनी पत्ता लिहून घेतला आणि घरी न जाता संग्रामपूरची गाडी धरली. चौथ्या दिवशी परत आल्या.

"पह्यल्या दिसी बोललीच नाई. दुसऱ्या दिसी तिनं चहा केला अन् रडली. मी तिच्या गावातल्या बायाइले घरोघर जाऊन सांगतलं, चूक हापिसाची हाय."

"मग बोलावतील आता?"

"हाव म्हनल्या सगळ्या. पन तोंडावर हाव म्हनाले काय जाते? सव्वा म्हैना गाव तिले खोटी म्हनून राह्यलं होतं."

माणिकरावांनी सत्यभामाबाईंच्या फाइलवर 'प्रकरण निकाली' असं लिहिलं आहे. ते खोडावं, ऑफिसनं त्या गावात जाऊन चूक कबूल करावी, अशी टिपणी मी रीतसर सादर केली. ती परत आली. दुसरीही परत आली. तिसरी काल साहेबांच्या टेबलावर ठेवली आहे.