न विचारता उघडलेली पिशवी

त्या बाईनं माझी पिशवी टेबलावर उलटी केली.

गेटजवळची सिक्युरिटीची केबिन. टेबलावर चहाचे डाग. आधी डबा पडला. मग पाण्याची बाटली घरंगळत खाली गेली. मग ओढणी, कंगवा, चार्जर, गोळ्यांची पट्टी. शेवटी सॅनिटरी पॅडचं पाकीट. केबिनमध्ये दोन वॉचमन होते. एकानं मान फिरवली. दुसऱ्यानं नाही फिरवली. बाईनं पिशवी पुन्हा झटकली, आणखी काही अडकलंय का ते बघायला. माझी दुर्बीण तिच्या दुसऱ्या हातात होती.

"कुठल्या फ्लॅटमधून उचललीस?" तिनं विचारलं.

मी त्या सोसायटीत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. मी उदगीरची. एका दिवसासाठी नवी मुंबई बघायला आले होते, एकटी. एवढं सांगितलं असतं तर पुरलं असतं. पण माझी पाचावर धारण बसली होती. कर नाही त्याला डर कशाला, म्हणतात. ही म्हण ज्यानं केली त्याची पिशवी कधी कुणी उलटी केलेली नसणार.

नवी मुंबई माझ्या डोक्यात लहानपणापासून आहे. आम्ही तुर्भ्याच्या झोपडपट्टीत राहायचो. आई नेरूळच्या खाडीकडच्या एका टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर धुणीभांडी करायची. घरी आली की सांगायची, भांडी घासताना खिडकीतून पाणी दिसतं, अन् पाण्यात गुलाबी पक्षी उभे असतात, अख्खं पाणी गुलाबी होतं. मी म्हणायची, मग तू बघत का बसत नाहीस? ती म्हणायची, बघत उभं राहता येत नाही गं. भांड्यांचा आवाज थांबला की बाई आतून हाक मारते.

पुढं वडील गेले, आम्ही उदगीरला परत आलो. आई आता तिथं एका डॉक्टरांच्या बंगल्यावर कामाला जाते. मी शिकले, एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. दंडाला पट्टा बांधून सुई टोचते तेव्हा कुणी माझं आडनाव विचारत नाही. यंदा ठरवलं, आईनं ओझरते बघितलेले पक्षी आपण निवांत बघायचे. उभं राहून, पोटभर. आईला म्हटलं चल, तर म्हणाली, बंगल्यावर सुट्टी मिळायची नाही. मग मी दुर्बीण घेतली आणि ट्रॅव्हल्समध्ये बसले.

सकाळपासून भीती होतीच. कळंबोलीला उतरले तेव्हा हायवेवर न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणारे कंटेनर अंगावर आल्यासारखे जात होते. रिक्षानं पारसिकच्या टेकडीवर गेले. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "एकट्याच?" मी उगाच म्हटलं, नाही, भाऊ वर थांबलाय. वरून सगळं शहर दिसलं. खाडी, पूल, टॉवर. छान होतं, पण मी पिशवी छातीशी धरूनच बघितलं. एकटी बाई काहीतरी बघत उभी असली की लोकांना वाटतं ही कुणाची तरी वाट बघतेय. वाशीला खाडीकाठच्या बाकावर बसले, तिथंही तसंच. तरी एकदा दुर्बीण गळ्यात अडकवली आणि स्वतःचंच हसू आलं. टूरिस्ट दिसत होते मी. बरं वाटलं होतं.

दुपारी नेरूळच्या खाडीकडे आले. रिक्षावाल्यानं चुकीच्या रस्त्याला सोडलं. एका बाजूला भिंत, आत टॉवर, पुढं पुन्हा भिंत. पाण्याचा वास येत होता, पाणी दिसत नव्हतं. विचारायला रस्त्यावर माणूस नाही. मग एका सोसायटीचं गेट दिसलं, गेटला वॉचमन दिसला. गळ्यातली दुर्बीण काढून मी पिशवीत ठेवली. वॉचमनसमोर ती घालून जायची लाज वाटली.

गेटच्या छोट्या दारापाशी कामवाल्या बायकांची रांग होती. सकाळची कामं आटपून बाहेर पडणाऱ्या. एकेक बाई दाराबाहेर येऊन टेबलासमोर थांबत होती, पिशवी दाखवत होती. वॉचमनला पत्ताच विचारायचा होता, पण मधे कसं घुसायचं, म्हणून मी त्यांच्या मागं उभी राहिले. रांग दिसली की शेवटाला उभं राहायचं, हे आमच्या अंगात मुरलेलं. माझा नंबर आला. वॉचमननं माझ्याकडे बघितलं. तो काही बोलला नव्हता. हातही पुढं केला नव्हता.

आणि मी पिशवीची चेन उघडून त्याच्यासमोर धरली.

का, ते सांगते. शाळेला सुट्टी असली की आई मला कामावर न्यायची. एकदा अकराव्या मजल्यावरच्या बाईंचं पैंजण सापडेना. खाली गेटवर आईची पिशवी उलटी केली. तिच्यात शिळ्या पोळ्या होत्या, बाईंनीच दिलेल्या. त्या जमिनीवर पडल्या. पैंजण संध्याकाळी बाईंच्या पलंगाखाली सापडलं. सांगायला कुणी आलं नाही, दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर कळलं. त्या दिवसापासून आई कुणी विचारायच्या आधीच पिशवी उघडायची. मलाही शिकवलं. दप्तर उघड, चल. आपण आधीच उघडली की कुणी काही बोलत नाही, म्हणायची. मी लहान होते. मला वाटायचं, आई केवढी हुशार.

आज आईच्या त्या हुशारीनं घात केला. वॉचमनला दुर्बीण दिसली. कामवालीच्या पिशवीत दुर्बीण. तो तरी काय समजणार? त्यानं मला केबिनमध्ये घेतलं, माझा मोबाइल काढून घेतला, आणि कमिटीच्या मॅडमला खाली बोलावलं.

माझी पिशवी उलटी केली ती हीच मॅडम. मराठीच होती. पन्नाशीची, पायांत स्लीपर, घरातून उठून आलेली. ती शांतपणे बोलत होती. आरडाओरडा केला असता तर मी कदाचित कमी भ्याले असते. म्हणाली, गेल्याच आठवड्यात सोसायटीत चोरी झालीय, त्यामुळे खरं सांगितलंस तर बरं. कुठून आलीस? उदगीर म्हटलं. आडनाव काय? आडनाव सांगितलं.

"अच्छा," ती म्हणाली.

एवढंच. पण ते अच्छा मी आयुष्यभर ऐकत आले आहे. शाळेत, घर भाड्यानं बघताना. त्यानंतर समोरच्याचा चेहरा निवांत होतो. त्याला पाहिजे होतं ते उत्तर मिळालेलं असतं.

तिनं स्वतःचा मोबाइल वर करून माझा फोटो काढला. सोसायटीच्या ग्रुपवर टाकते म्हणाली, कुणाची वस्तू असेल तर ओळखतील, नाहीतर पोलिसांना बोलवू. पोलीस म्हटल्यावर पुढचं एकेक दिसायला लागलं. परक्या शहरात चौकीत बसवतील. लॅबमध्ये कळेल. आईला कुणीतरी फोन करून सांगेल. मला खरंच लघवीला लागली होती आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

तेव्हा तोंड उघडलं. आणि तोंडातून काय निघालं?

"मी कामवाली नाही."

एकदा म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हटलं. केबिनचं दार उघडं होतं. माझ्यामागं आणखी बायका बाहेर येऊन थांबल्या होत्या. माझ्यामुळे त्यांची रांग अडकली होती, सगळ्यांना पुढच्या कामाला उशीर होत होता. त्या ऐकत होत्या. त्यातली एक पुढं आली. जाडजूड, कपाळाला मोठं कुंकू, बोलण्यावरून जवळच्या करावे गावातली असावी.

"मॅडम, ही बाय आतशी नाय आली. रस्त्यावरशी आली, मी बगलंय," ती म्हणाली. "कॅमेरा हाय ना, त्यान बगा."

मॅडमनं तिला विचारलं, तुला कुणी विचारलं का? कितव्या मजल्यावर कामाला आहेस? बाईनं मजला सांगितला, फ्लॅटचा नंबर सांगितला, आणि तिथंच उभी राहिली. तिचं काम जाऊ शकत होतं. हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

वॉचमननं कॅमेरा मागं नेला. सगळ्यांनी वाकून बघितलं. स्क्रीनवर मी रस्त्यावरून येत होते, भांबावलेली, गळ्यात दुर्बीण. मग ती काढून पिशवीत ठेवणारी. मग रांगेच्या शेवटाला उभी राहणारी. मी स्वतःला असं कधी बघितलं नव्हतं. केवढी वाकून उभी होते मी.

मॅडमनं दुर्बीण टेबलावर ठेवली.

"अहो, मग आधी सांगायचं ना तुम्ही फिरायला आलाय म्हणून," ती म्हणाली. "भरा सामान."

अहो. तुम्ही. इतका वेळ अरे-तुरे चाललं होतं. मी फिरायला आलेली निघाले आणि तुम्ही झाले. दाराबाहेर जी बाई माझ्यासाठी बोलली, ती मात्र तूच राहिली. माझी आई त्या रांगेत असती तर तिलाही तूच. आणि मी तीनदा ओरडून सांगितलं होतं की मी त्यातली नाही. चोर म्हटल्याचं वाईट वाटलंच, पण ह्याची जास्त शरम वाटली. रागही आला, आधी स्वतःचा. मग त्या टेबलाचा.

मी सामानाला हात लावला नाही.

"तुम्ही उलटी केलीत. तुम्हीच भरा," मी म्हटलं.

 शूर वगैरे काही नव्हते. टेबलाची कड धरली होती, नाहीतर खाली बसले असते. मान फिरवलेला वॉचमन पुढं होऊन बाटली उचलायला लागला. हळूच म्हणाला, "ताई, भरा अन् जावा. कशाला वाढवता?" बोली आमच्याकडचीच, लातूरची. मी म्हटलं, दादा, तुम्ही नका. त्यांनी भरायचं. मॅडम म्हणाली, मग पोलिसांनाच बोलवते. मी म्हटलं बोलवा, कॅमेऱ्यातलं त्यांनाही दाखवा. बोलले खरी, पण तिनं खरंच फोन लावला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

 बाहेर बायका उभ्या होत्या. वरून कुणीतरी बाल्कनीतून बघायला लागलं. मॅडमनं तिकडे बघितलं, आणि मग भरायला लागली. ओढणी, कंगवा, चार्जर. पॅडचं पाकीट. डबा उचलायची वेळ आली तेव्हा तिनं टेबलावरचा टिश्यू घेतला आणि टिश्यूनं धरून डबा आत ठेवला. माझ्या आईच्या हातच्या भाकरी होत्या त्यात. मी बघितलं. मी बघितलंय हे तिनंही बघितलं. फोटो पुसा म्हटलं, तो तिनं पुसला. वॉचमननं माझा मोबाइल परत दिला. माफी मागितली नाही. ती मागेल असं मला वाटलंही नव्हतं.

चेन लावताना मी विचारलं, ह्या बायकांच्या पिशव्या रोज का बघता? "सोसायटीचा नियम आहे," ती म्हणाली आणि लिफ्टकडे गेली.

माझ्यामागं रांग सुरू झाली. पिशव्या उघडत गेल्या. कराव्याची बाईही पुढं आली, तिनंही उघडली, रोजच्यासारखी. काही बदललं नाही. मी बाहेर तिच्यासाठी थांबले. खाडीलगतच्या पक्ष्यांच्या तळ्याचा रस्ता विचारला. तिनं थोडं चालत येऊन भिंतीतलं छोटं दार दाखवलं. मी आभार मानले तर म्हणाली, "मी कामवाली नाय म्हनालीस ना, मी आयकलं."

 मग सांगितलं, माझी आई हेच काम करते. इथंच करायची.

"मंग तसा सांगाचा," ती म्हणाली आणि पुढच्या सोसायटीकडे झपाझप गेली.

तळ्यावर पक्षी होते. आई म्हणायची तसेच, पाणी गुलाबी करून उभे. पलीकडे उलव्याच्या बाजूला विमान उतरत होतं, त्यांना त्याचं काही नव्हतं. दुर्बीण डोळ्यांना लावली, पण पक्षी एका जागी राहिनात. शेवटी कठड्यावर कोपर टेकवून बघितलं. पाठीमागं पावलं वाजली की दचकून वळत होते. ज्या दिवसासाठी आले होते तो दिवस असा गेला. तो परत मिळणार नाही.

मग दुर्बीण वळवली आणि बाजूच्या सोसायटीतल्या, आई काम करायची त्या टॉवरवर लावली. मजले मोजत वर गेले. अकराव्या मजल्याच्या मागच्या खिडकीत कुणी दिसलं नाही. कपडे वाळत होते. मी तरी बराच वेळ तिकडेच बघत राहिले. कुणी हटकलं असतं तर सांगणार होते, माझी आई तिथं उभी असायची.

आईचा फोन आला. "दिसले का गं?" तिनं विचारलं. दिसले म्हटलं. "मग उभी राहून बघ," ती म्हणाली, "तुला काही कुणी हाक मारत नाही."

मी तिला काही सांगितलं नाही. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. एवढंच विचारलं, बंगल्यावरून निघताना अजून पिशवी उघडून दाखवतेस का? ती हसली. म्हणाली, "उघडते की. ते काही म्हणत नाहीत. आपणच आधी दाखवलेलं बरं."

आता परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसलेय. सकाळी गाडी उदगीरला पोचेल. मी घरी जाणार नाही. सरळ डॉक्टरांच्या बंगल्यावर जाणार, फाटकाशी उभी राहणार. आई काम आटपून येईल. पायरीवर डॉक्टरीणबाई असतील, ज्यांनी माझ्या शिक्षणाला मदत केली, ज्यांच्या ओळखीनं मला लॅबमध्ये नोकरी लागली. आई सवयीनं पिशवीच्या बंदाला हात घालेल. मी तिचा हात धरणार. आई घाबरेल, रागावेल, लोकांपुढं तमाशा करू नको म्हणेल. तिचं काम जाईल कदाचित, माझंही जाईल. मी आत्ताच घाबरलेय, तेव्हाही घाबरलेलीच असेन. पण पिशवी उघडू देणार नाही.