चेहरा सोडून काहीही काढा

जेलमध्ये कॅमेरा घेऊन चार दिवस फिरून आलं, की माणूस बसमध्ये, लग्नात, कुठेही तेच सांगत सुटतो. मी तोंड उघडलं की आई म्हणते, "झालं, निघाली जेलमध्ये!" पण काय करू? एकेक गोष्ट अशी, की पोटात राहत नाही.

फोटोग्राफीच्या डिप्लोमासाठी मी विषय घेतला होता, जेलमधलं रोजचं जगणं. नाशिकरोडला परवानगी मिळाली, पण अट घालून: कैद्याचा चेहरा दिसता कामा नये. आमचे सर म्हणाले, "चेहऱ्याशिवाय माणसाचा प्रोजेक्ट? मग मार्क काय शर्टाला देऊ?" नापास व्हायची तयारी ठेवूनच मी आत शिरले.

*

आधी मूर्तिकामाच्या शेडमध्ये नेलं. एक आजोबा गणपतीचे डोळे आखत होते. हात जरासुद्धा हलत नव्हता. बुबुळ उमटलं आणि मूर्ती थेट माझ्याकडे बघायला लागली! मी कॅमेरा खाली घेतला.

सोबतचे हवालदार गणपतीकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "मॅडम, ह्यांचा चेहरा बिनधास्त काढा. इथे परवानगी असलेले हे एकटेच!"

*

फोटोत फक्त पाठ येणार, ही बातमी आत आधीच पोचली होती. हातमागाच्या खोलीत गेले, तर सगळ्यांच्या माना मागून चकाचक!

केस कापणारा कैदी वैतागून म्हणाला, "इतकी वर्षं कोणी मागचं बघितलं नाही. आज प्रत्येकाला मागची कटिंग परत पाहिजे!"

*

जेलरसाहेबांना विचारून एका कैद्याच्या हातात झूम लेन्स लावलेला कॅमेरा दिला. त्याने तो सरळ आभाळाकडे धरला आणि ओरडलाच, "घारीची चोच दिसली!" भिंतीपलीकडचं लांबचं असं त्याला वर्षानुवर्षं दिसलंच नव्हतं.

मग घार बघायला रांग लागली. रांगेत शेवटी हवालदार!

*

कॉलेजच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागलं. कैद्यांनी भेटायला आलेल्या घरच्यांना सांगून ठेवलं होतं. इगतपुरीकडच्या एक मावशी मुलाला भेटून तशाच आल्या. पंगतीच्या फोटोसमोर थांबल्या. सगळ्या पाठी, सगळ्यांचे कपडे सारखे. मावशींनी एका पाठीवर बोट ठेवलं.

"ह्यो माझा पोरगा."

सर मार्क द्यायला माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी विचारलं, "मावशी, चेहरा तर दिसत नाही. कशावरून?"

"कोपर बघा ना, कसं बाहेर काढलंय. ताटाभोवती हात घालूनच जेवतो तो. घरात खाणारी लय होती."

"पण चेहरा असता तर बरं झालं असतं ना?"

"तोंड तर दर खेपेला बघते की, काचेतून. पाठ कुठं दिसती?"

मावशी फोटोच्या अगदी जवळ सरकल्या.

"अंग धरलंय. जेवतोय मंग," म्हणाल्या, आणि फोटोतल्या त्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला.