पोट भरल्याची खबर

सरूआत्या समोरच्या माणसाचा चेहरा बघून तो किती भाकरी खाणार हे सांगायची. सेनगावला मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाकाला होती. तिथं तिचं कधी उरलं नाही की कमी पडलं नाही. घरी मी दारात दिसलो की म्हणायची, "आज अडीच. परीक्षा जवळ आली दिसते." आणि खरंच मला अडीचच जायच्या.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. आमच्या घराण्यातून कॉलेजात गेलेला मी पहिला. हिंगोलीला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, हे आजही छाती काढून सांगतो. आत्या विधवा. साखऱ्याला आमच्याच घरी राहायची, जीपनं रोज सेनगावला जायची.

मी शेवटच्या वर्षाला असताना तिची भूक बिघडली. चार भाकरी खाऊन हात धुवायची, की घटकाभरात पुन्हा दुरडीपाशी. अंग सुटलं. डोकं दुखायचं. एक दिवस मुलींच्या वाट्याच्या भाकरी खाताना सापडली आणि काम गेलं. घरी येऊन मला म्हणाली, "साऱ्या जगाच्या पोटाचं मला कळतं रे. माझ्याच पोटाचं कळून न्हाई राहिलं."

गाव म्हणालं, हिला भस्म्या झाला. म्हणजे कितीही खाल्लं तरी पोटात जळून जातं असा रोग. बाबांनी पिठाच्या डब्याला कुलूप लावलं आणि बहिणीला गुरुवारचे उपास धरायला लावले. भुकेवर औषध काय, तर उपास! ती तेही करायची. पदराचा बोळा तोंडात कोंबून बसायची, पण साबुदाण्यालाही हात लावायची नाही.

मी बाबांपुढं पुस्तक उघडलं. मेंदूच्या तळाशी बोराएवढा एक भाग असतो, हायपोथॅलॅमस. तिथल्या काही पेशी 'खा' म्हणतात, काही 'बस' म्हणतात. पोट भरल्याची खबर तिथं पोचली की हात थांबतो. तो 'बस' म्हणणारा भाग बिघडवला, तर उंदीर खातच सुटतो.

"काहून, माझी बहीण उंदीर हाय?" बाबा म्हणाले. "हेच शिकून आला व्हय हिंगोलीहून?"

"बाबा, नांदेडला मोठ्या डॉक्टरला दाखवा."

"सोयाबीन निघू दे."

सोयाबीन निघालं. मग तूर आली.

आत्या दाराआडून ऐकत होती. बाबा गेल्यावर हळूच म्हणाली, "म्हंजे मी हावरी न्हाई ना रे?"

"नाही आत्या. मेंदूचं दुखणं आहे."

"मंग तुझ्या बापाला कुणीतरी सांगाया पायजे. तुझं तो ऐकत न्हाई."

त्याच दिवसांत ती चौकटींना धडकू लागली. "दारं अंगावर येऊन राहिली," म्हणायची. मी म्हणालो, "आत्या, दारं जागेवरच आहेत, तूच रुंद झालीस." घरभर हशा. तीही हसली.

एकदा ओट्यावरून पडली, तेव्हा कुठं बाबांनी नांदेड गाठलं. डॉक्टरांनी तिच्या कानांच्या बाजूला बोटं धरून हलवली. तिला दिसलीच नाहीत. मग डोक्याचा फोटो काढला. हायपोथॅलॅमसपाशी गाठ होती आणि ती डोळ्यांच्या शिरा दाबत होती.

"बाजूचं दिसत नाही, हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

माझ्या पुस्तकात डोळ्यांच्या शिरा त्याच चित्रात होत्या, त्या बोराला चिकटून. ती आकृती मी परीक्षेत काढली होती. पूर्ण मार्क मिळाले होते.

गाठ वाढली आहे, ऑपरेशन जोखमीचं आहे, असं डॉक्टर सांगू लागले. आत्यानं त्यांना थांबवलं. "डॉक्टरसाहेब, ते राहू द्या. आधी माझ्या भावाला सांगा, मी हावरी न्हाई."

डॉक्टर बाबांकडं वळले. "भूक आवरणं यांच्या हातातच नव्हतं. अशा गाठीत कुणाच्याच हातात नसतं."

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आत्या म्हणाली, "ऐकलं का, दादा?" आणि उत्तराची वाट न बघता ऑपरेशनला तयार झाली.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ती गेली. पुढं बाबा गावात भेटेल त्याला सांगायचे, "माझी बहीण हावरी नव्हती. डॉक्टर बोलला." लोक मान हलवायचे. त्या उपासांवरून मी बाबांवर अजून चिडतो. पण ते अडाणी होते. मी शिकलेला होतो, आणि हसलो होतो.